त्रेपन्नावा आठवडा

धुलाईखोलीच्या पायऱ्यांवर गुनब्रितबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. कॉनीच्या एका हातात माशांची बादली होती, दुसऱ्या हातात बर्फाला भोक पाडायचं लांबलचक गिरमिट. मिशीवर दिवसभराचा बर्फ तसाच होता.

"सोमवारी पाच ते आठ धुण्याची वेळ कुणाची आहे?" बाईंनी विचारलं.

झालं सुरू, कॉनी मनात म्हणाला. गुनब्रितबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. कुणी त्यांच्या वेळेत एक पंचा जरी वाळत घातला, तरी त्या जाब विचारायला यायच्या, आणि यायच्या त्या कॉनीकडेच. कारण वस्तीतले नळ, दिवे, कुलुपं आणि तळघरातली ही सगळ्यांची मिळून एक असलेली धुलाईखोली, सगळं त्याच्या अंगावर होतं.

"तुमचीच आहे. कोण घुसलंय?"

"तुझी तूवा. तीनपासून बसलीय. पप्पा पाचला येणार, म्हणाली. आता साडेसहा झाले."

"आज? पण आज तर एक नंबरचा आठवडा आहे," कॉनी म्हणाला.

त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. ती कशी आहे, हे नाही. जेवली का, हेही नाही. पुढे कितीतरी दिवस दाढी करताना, गाडी सुरू करताना हेच वाक्य त्याला आठवायचं आणि कान गरम व्हायचे.

"मला आकडे नको सांगूस," बाई म्हणाल्या. "पोरीचे पाय बर्फासारखे झाले होते. माझे मोजे घातलेत तिला."

खाली, गरम हवेच्या यंत्राला पाठ टेकून तूवा खुर्चीवर बसली होती. नऊ वर्षांची, गुडघ्यापर्यंत म्हातारीचे लोकरी मोजे, मांडीवर निळी बॅग. समोर बशीत दालचिनीचा अर्धा पाव.

"किती मिळाले?" तिने बादलीकडे बघत विचारलं.

"सात."

"बरे आहेत," ती म्हणाली, आणि उरलेला पाव कागदात गुंडाळून खिशात घातला.

तिच्याकडची किल्ली वरच्या दाराला लागली नव्हती. कशी लागणार? नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या आठवड्यात घरात एकट्याला करमेना, म्हणून कॉनीने अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलून काढली होती. धुलाईखोलीचं तेवढं राहिलं होतं, म्हणून तूवाला तिथे तरी शिरता आलं. तूवाची नवी किल्ली लाल फीत बांधून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली होती. ती दोन नंबरच्या आठवड्यात येईल तेव्हा द्यायची होती.

स्वीडनमधल्या या ओस्टरसुंद गावात कुणी कुणाला तारीख सांगत नाही. दातांच्या डॉक्टरपासून रस्ते झाडणाऱ्यापर्यंत सगळे आठवड्याच्या आकड्यावर चालतात. चार वर्षांपूर्वी कॉनी आणि अ‍ॅनेली वेगळे झाले तेव्हा कोर्टकचेरी झालीच नाही. नगरपालिकेच्या समुपदेशक बाईंसमोर कॉनीने एक कागद काढला आणि त्यावर दोन ओळी लिहिल्या: विषम आठवडे आईचे, सम आठवडे वडिलांचे, अदलाबदल सोमवारी. धुलाईखोलीत भिंतीवर एक लाकडी फळा होता. प्रत्येक घराचं नंबर घातलेलं एक चिमुकलं कुलूप, ते आपल्या वाराच्या, वेळेच्या भोकात लावायचं. मग ती वेळ तुमची. वीस वर्षांत त्या फळ्यावर कुणावर अन्याय झाला नव्हता. लेकराचंही तसंच करू, कॉनी म्हणाला होता. समुपदेशक बाई खूश झाल्या. इतकी समजूतदार जोडपी फार कमी येतात म्हणाल्या. त्या दिवशी परत येताना कॉनीची छाती दोन इंच फुगली होती, हे त्याला आता आठवायला नको वाटायचं.

शाळा चालू असली की अदलाबदल शाळेच्या अंगावर जायची. सकाळी एकाने सोडायचं, दुपारी तूवा चालत दुसऱ्याकडे जायची. आजच्यासारखं सुट्टीत शाळेचं नुसतं पाळणाघर उघडं असलं, तरी तसंच. शाळा पूर्ण बंद असली की मात्र दारात. अ‍ॅनेली बाहेर पायपुसण्यावर, कॉनी आत, आणि मधे बूट घालून, बॅग घेऊन तूवा. दोन मिनिटांत उरकायचं. आवाज चढायला तेवढाच वेळ पुरेसा असतो, आणि तो चढू नये म्हणून दोघंही हवापाण्यावर बोलायचे.

नोव्हेंबरात नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावताना कॉनीच्या लक्षात आलं, की सरत्या वर्षाचे आठवडे बावन्न नाहीत, त्रेपन्न आहेत. त्रेपन्न विषम. त्याच्यामागून येणारा नव्या वर्षाचा एक नंबर, तोही विषम. म्हणजे कागदाप्रमाणे तूवा सलग दोन आठवडे अ‍ॅनेलीकडे. अ‍ॅनेली काही कॅलेंडर घेऊन बसणाऱ्यांतली नव्हती. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची, आणि घरी एक आठवडा पोर असते, एक आठवडा नसते एवढाच हिशेब तिच्या डोक्यात असायचा. ती चुकणार, हे कॉनीला दिसत होतं. त्याने फोन हातात घेतलाही.

मग त्याला जून महिना आठवला. त्याच्या आईच्या सत्तरीला तूवाला एक दिवस जास्त दे, म्हणून त्याने विनवलं होतं, तर अ‍ॅनेली म्हणाली होती, "लिहिलंय ते लिहिलंय, कॉनी. तूच लिहिलंयस." तो शब्द त्याच्या मनात पाच महिने अडकून होता. त्याने फोन खाली ठेवला. लिहिलंय ते लिहिलंय. आणि एक नंबरच्या आठवड्यातल्या सोमवारी लेफ नावाच्या मित्रासोबत डोंगरातल्या तळ्यावर मासे धरायला जायचं पक्कं करून टाकलं. तेव्हा त्याच्या मनात अ‍ॅनेली होती, तिचा चेहरा कसा पडेल ते होतं. तूवा त्यात कुठेच नव्हती.

घरी येऊन त्याने थंडीने मेलेला फोन तारेला लावला आणि मासे साफ करायला घेतले. तूवा टेबलाशी बसून राहिली. थोड्या वेळाने फोन जिवंत झाला आणि एकामागून एक तीनदा थरथरला. तूवा, तीन दहा. तूवा, तीन पंचवीस. तूवा, चार पाच. त्यानंतर काही नाही.

"आईला का नाही केलास?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"आईने तुला केला असता."

"बरं झालं असतं की."

"तसा नाही," तूवा म्हणाली. "ओरडायचा."

सात वाजता अ‍ॅनेलीचा फोन आला. अदलाबदलीच्या दिवशी तो यायचाच. कॉनीचे हात माशांच्या खवल्यांनी भरलेले. तो पुसेपर्यंत तूवाने उचलला.

"हो, पप्पा घरीच होता," ती म्हणाली. "तीन वाजता. नाही, गारठले नाही. मासे करतोय. चार्जर तुझ्याकडेच राहिलाय, पण चालेल. हो. तुला पण."

ना चाचरणं, ना इकडेतिकडे बघणं. मोठी माणसं इतकं सफाईदार खोटं बोलत नाहीत.  हे पहिलं नव्हे, हे कॉनीला कुणी सांगायला नको होतं. आई किती छान आहे, तिचं छान चाललंय, ती तुझ्याबद्दल काही म्हणत नाही, असं तूवा त्याला चार वर्षं सांगत आली होती. आणि तो ऐकून सुखाने झोपत आला होता.

त्याने गॅस बारीक केला आणि तिच्यासमोर बसला.

"असं का सांगितलंस?"

तूवा टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत राहिली. "नाहीतर तुम्ही एकमेकांना लांब लांब मेल लिहिता. मग नगरपालिकेतल्या त्या बाईंकडे जायचं. मग सगळे मला विचारणार, तुला कसं वाटतं. मला कसंच वाटत नाही."

"तूवा, चूक माझी आहे."

"चूक कुणाचीच नाही. मी बसल्या बसल्या मोजलं," ती म्हणाली. "आईच्या मोजण्याने मी तुझी, तुझ्या मोजण्याने आईची. असा एखादा आठवडा येत असेल, कुणाचाच नसलेला. मला आधी माहीत असतं तर मी चार्जर आणला असता."

 कॉनीला उठून तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण हाताला माशांचा वास होता, आणि ती सरळ ताठ बसली होती. त्याने खिळ्यावरची लाल फितीची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि बॅगेच्या आतल्या खिशात टाकली. त्या खिशात दात घासायचा ब्रश होता, रबरबँड होते, आईच्या घरची किल्ली होती. तिच्या खोलीत त्याने स्वतः रंगवलेलं चार खणांचं कपाट होतं. चार वर्षांत त्यातल्या एका खणापेक्षा जास्त तिचं सामान झालं नव्हतं. नीटनेटकी पोर आहे, असं तो लोकांना कौतुकाने सांगायचा.

गप्प बसलो तर ते खोटं उद्यापासून या पोरीने वाहायचं. बोललो तर तिने दुपारभर जे टाळलं तेच होणार. कॉनीने तव्यातले मासे उलटले. मग हात धुऊन, फोन घेऊन, बेडरूममध्ये जाऊन त्याने दार लावलं.

"ती तीन ते साडेसहा धुलाईखोलीत होती," तो अ‍ॅनेलीला म्हणाला. "एकटी. मी तळ्यावर होतो. कागदाप्रमाणे हा आठवडा तुझा होता. मला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. मी मुद्दाम नाही सांगितलं."

 त्याला वाटलं आता सुटेल तोंड, आणि सुटावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मुद्दाम," ती म्हणाली.

"हो."

"आत्ताच मला म्हणाली, तू घरी होतास म्हणून."

"तुझ्याशी खोटं बोलली. माझ्याशीही बोलत असणार."

 अ‍ॅनेली हलक्या आवाजात म्हणाली, "जूनमध्ये मी तो एक दिवस द्यायला हवा होता." मग म्हणाली, "मी येते. न्यायला नाही. नुसती येते."

पूल ओलांडून तिला यायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात कॉनीने टेबलावर तिसरी ताटली मांडली. बटाटे उकडले होते, लोण्यात मासे तांबूस झाले होते. आई येतेय, त्याने तूवाला सांगितलं, नुसती जेवायला. तूवाने मान हलवली आणि ती आपल्या खोलीत गेली.

घंटी वाजली. अ‍ॅनेली पायपुसण्यावर उभी होती, दवाखान्याच्या कपड्यांवर तसाच कोट चढवून. चार वर्षांत ती त्या उंबरठ्याच्या आत आली नव्हती. "ये," कॉनी म्हणाला, आणि बाजूला झाला. ती वाकून बूट काढायला लागली. एकाची चेन अडकली होती, म्हणून तो ती ओढायला खाली बसला.  दोघं तशीच खाली मान घालून बसली होती, तेव्हा मागून पावलं वाजली.

तूवाने कोट घातला होता. टोपी घातली होती. गुनब्रितबाईंचे मोजे काढून घडी करून हातात घेतले होते, आणि पायात बूट. निळी बॅग पाठीवर, पट्टे छातीशी घट्ट ओढलेले.

"मोजे बाईंना परत द्या," ती म्हणाली. "मी तयार आहे."

"तुला कुठे जायचं नाहीये, राणी," अ‍ॅनेली म्हणाली.

"कुठेच नाही," कॉनी म्हणाला.

तूवाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे. समजलं अशी मान हलवली. मग दाराजवळच्या स्टुलावर बसून तिने बॅग मांडीवर घेतली आणि दोघांचं बोलणं संपायची वाट बघत राहिली. बूट तिने काढले नाहीत.