बदलीचं टेबल

नवरा जिन्यावरून घसरला, मनगट मोडलं आणि हात प्लॅस्टरमध्ये गेला. बायकोला पहिली काळजी लागली ती टेबलाची. मनगट आज ना उद्या सांधेल, टेबल गेलं की गेलं.

खोक्यांच्या कारखान्यात ज्याचं त्याचं टेबल ठरलेलं असे. पुठ्ठा दुमडायचा, कडेला खळ लावायची, दाबायचं, बाजूला सारायचं. टेबल रिकामं दिसलं की मुकादम तिथे दुसरा माणूस उभा करी. घरचं कोणी बदलीला आलं, तर मात्र ते नावावर राही. बदलीला मजुरी पाऊण. पाऊणच का, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मुकादमाला सांगता आलं नसतं.

तेव्हा बायको गेली. नवऱ्याचा एप्रन तिच्या गुडघ्यांखाली लोंबत होता. खळ किती पातळ हवी हे नवऱ्याने तिला बजावून सांगितलं. मुकादमाला उलट बोलू नको, हेही सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

आठवडाभरात तिचा हात बसला. मग तो थांबेचना. जन्मभर सासरी-माहेरी "तुला काय जमणार" ऐकलेली बाई ती. आता तिच्या शेजारी खोक्यांची भिंत उभी राहू लागली आणि तिला मनापासून बरं वाटू लागलं. आपल्या माणसाच्या टेबलाला कोणी नाव ठेवायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"वहिनी, जरा दमानं," शेजारच्या टेबलावरची मावशी पुटपुटली. "खोकी कुठे पळून चालली नाहीत."

हिच्या पोटात दुखतंय, असं बायकोला वाटलं. तिने हात आणखी चालवला.

मग एके दिवशी ऑफिसातून घड्याळवाला आला. हातात घड्याळ घेऊन तो टेबलांमधून फिरू लागला आणि अख्ख्या शेडला जशी सुस्ती चढली. एकाला तहान लागली. एकाची खळ घट्ट झाली. मावशीला तर पुठ्ठ्याची उलटसुलट बाजूच कळेना. बायकोला हसू आलं, काय ही माणसं! घड्याळवाला तिच्या मागे येऊन थांबला, तशी ती पाहुण्यासमोर पोळ्या लाटाव्या तशा झपाट्याने खोकी दुमडू लागली. "वा!" म्हणून तो निघून गेला.

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला फुशारकीने सांगितलं. तो ताटावरून उठलाच.

"मोजलं त्याने? तुझंच?"

"मग काय! वा म्हणाला."

"अगं, तो आला की हात आखडायचा असतो. तो मोजेल तेवढं मग सगळ्यांना करावं लागतं."

"मग आधी सांगायचं नाही का हो?"

"तुला एवढं जमेल असं वाटलंच नाही गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा आकडा लागला. तेवढी खोकी झाली नाहीत, तर मजुरी कापणार. बायको मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिली, पण कोणी चकार शब्द काढला नाही. मावशीने आपलं स्टूल बाजूला सरकवलं आणि ती उभ्याने काम करू लागली. त्या वयात उभ्याने. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी बायकोने हात सावकाश चालवून बघितला. मुकादम लगेच जवळ आला. "काय वहिनी, आज बरं नाही का?" तिने पुन्हा वेग धरला.

प्लॅस्टर निघालं आणि नवरा कामावर गेला. जाताना त्याने मनगटाला फडकं घट्ट बांधून घेतलं. तिने दिवसभर घरात एक काम धड केलं नाही. डाळ लागली, दूध उतू गेलं. आकडा गाठा, काही करून गाठा, असं ती भिंतीशी बोलत होती.

तो दुपारीच परत आला. मनगट पुन्हा सुजलं होतं.

"टेबल गेलं?" तिने विचारलं.

"टेबल आहे," तो म्हणाला. "मुकादम म्हणाला, तुम्ही राहू द्या, उद्यापासून वहिनींनाच पाठवा."

"आणि मजुरी?"

"पाऊण. टेबल माझ्याच नावावर आहे ना."

तो खाली बसला. एप्रन लांब होतो म्हणून एका हाताने त्याची खालची कड दुमडू लागला. त्याला ते जमेना. तिने एप्रन त्याच्या हातातून घेतला, आणि कड क्षणात दुमडून झाली.