पितळेला कुठे गंज चढतो?

मी झाडांवर औषध मारायचा एक जुना पितळी फवारा आहे आणि मित्रांनो, सध्या माझं डोकं जाम तापलेलं आहे. का, ते ऐकाच.

एका कारागिराने मला हाताने ठोकून घडवलं, तेव्हा प्लास्टिकच्या पंपांचा पत्ताही नव्हता. आत्याच्या गच्चीवर मी चोवीस उन्हाळे काढले. आत्या दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे औषधाची मात्रा आणि वेळ तिच्या अंगात मुरलेली. ऊन कललं की ती माझ्यात पाणी, चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घालायची. मग कुंड्यांतल्या रोपांची पानं उलटी करून खालून फवारायची, कारण रस शोषणारी मावा कीड तिथेच दडून बसते. शेजारणी माझं कौतुक करायच्या आणि मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

यंदा बियांच्या डबीत ओल शिरली आणि बी कुजलं. घरच्या टोमॅटोची पाचच रोपं उरली. ती गेली की वाण संपला. नेमकं तेव्हाच आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तिने भाच्याला तीनतीनदा बजावलं की संध्याकाळीच मार, पानाखालून मार, तेल एकच चमचा घाल. भाचा चांगला शिकलासवरलेला, नोकरीवाला. त्याने मान डोलावली आणि भर दुपारी एक वाजता मला उचललं, कारण संध्याकाळी त्याला मॅच बघायची होती. वर तेल तिप्पट ओतलं, म्हणे गुण लवकर येईल! मी तोंड तुंबवून अडून बसलो, तर त्याने टाचणी खुपसली.

तिसऱ्या दिवशी पानं करपली. खापर कुणावर? माझ्यावर! म्हणे फवारा गंजलाय. अहो, पितळ काळं पडतं, हिरवं पडतं, पण पितळेला कुठे गंज चढतो? एवढ्यावर न थांबता त्याने माव्यासाठी जालीम विषाची बाटली आणली.

आत्या डोळ्याला पट्टी बांधून गच्चीवर आली. तिने एक पान बोटांत धरलं, ते चुरगळून पडलं.

"किती वाजता मारलंस?"

"जेवण झाल्यावर," भाचा खाली बघत म्हणाला.

"तापल्या पानावर तेल? तळलीस की रे माझी रोपं."

भाचा तरी बाटलीचं झाकण फिरवतच होता. आत्याने माझ्या तोंडावर तळहात ठेवला.

"हे विष यात गेलं, तर या फवाऱ्याने पुन्हा भाजीवर फवारायचं नाही. कळलं?"

त्याने बाटली खाली ठेवली.

टाकीच्या सावलीतलं एक रोप तेवढं वाचलं. त्याला एकच टोमॅटो लागलाय, तो बियांसाठी राखलाय. आता दर शनिवारी ऊन कललं की भाचा आत्यासमोर पानं उलटी करून फवारतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना नुसतं घासूनपुसून फळीवर मांडू नका. हातात घेण्याआधी घड्याळ बघा आणि सांगितलेलं ऐका. चूक झाली तर ती आपल्या तोंडाने कबूल करा. भाचा फवारतो छान, मला धुऊनही ठेवतो. गंजाचा शब्द मात्र त्याने अजून मागे घेतलेला नाही, आणि मी तो विसरलेलो नाही.