कावळ्याची शिदोरी

पाटोद्याजवळच्या एका वस्तीवर चार दिवसांत अकरा कावळे मेले आणि माझ्या रजेचे बारा वाजले. मी उज्ज्वला, पशुधन पर्यवेक्षक. बर्ड फ्लूच्या तपासणीला पुण्याला ताजा मेलेला पक्षी हवा होता, आणि मला मिळत होते ते सगळे सडलेले.

बारावा निघाला सारजाबाईंच्या घरात. कोंबड्यांच्या डालग्याखाली. मरायला टेकलेला कावळा बाईंनी पदरात घालून आणला होता आणि त्याला बोटानं पाणी पाजत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, हा रोग माणसालाबी होतो! हात लावलाच कावून?"

"दहाव्याला ह्योच शिवलता. पिंड ठेवला न् लगीच. मालक हायेत ते माझे."

हरिबा, त्यांचे मालक, दिवाळीनंतर वारले होते. तेव्हापासून रोज सकाळी या कावळ्याला भाकरीचा तुकडा मिळत होता.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात कावळ्यानं मान टाकली. बाई डालग्याला हात लावू देईनात.

"कुठं न्यायचं त्यांला?"

"पुण्याला."

"पाटोद्याच्या फुडं कदी गेले न्हाईत वो. मुकादमानं लई बोलावलं, तरी ऊस तोडाया गेले न्हाईत. गाडीत भूक लागंल." त्यांनी फडक्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा बांधला. "ही संगं जात आसंल तर न्या."

अशा घरातली वस्तू बाहेर न्यायची नाही, तिथंच जाळायची. हा नियम मी गावोगाव घसा फोडून सांगत आले आहे. वाटेत फडकं जाळलं असतं तर बाईंना कळलंही नसतं. पण मला ते जमेना.

त्यांचे हात साबणानं धुऊन घेतले, रोज ताप बघायला वस्तीवरच्या आशा सेविकेला सांगितलं. कावळा दुहेरी पिशवीत, शिदोरीही दुहेरी पिशवीत, आणि दोन्ही एकाच बर्फाच्या पेटीत.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून प्रवीणचा फोन आला. बर्ड फ्लू नव्हता. बाई वाचल्या.

"मॅडम, पक्षी आता भट्टीत जाईल. पण दुसऱ्या पिशवीत भाकरी आहे. तिची कागदावर नोंद नाही."

मी सगळं खरं सांगितलं. आता हा हसणार, म्हणून फोन कानापासून जरा लांबच धरला.

प्रवीण म्हणाला, "बरं मॅडम. त्यांच्यासोबतच ठेवतो."