दुसरा उंचवटा

चिमट्यातला पांढरा कण तिने दोन काचांच्या फटीशी अलगद ठेवला आणि खालची तापपट्टी सुरू केली. कण घामेजल्यासारखा झाला, वितळला आणि आपसूक काचांच्या मध्ये ओढला गेला. फट केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी, पण थेंब कडेपर्यंत कसा सारखा पसरला.

"हात छान बसलाय तुझा," मागच्या स्टुलावरून सर म्हणाले.

घरी ते तिचे सासरे, तिथे ती त्यांना बाबा म्हणे. प्रयोगशाळेत मात्र सर. लग्नाआधी पाच वर्षं ती त्यांची विद्यार्थिनी होती. "मुलाच्या आधी मीच हिची मुलाखत घेतली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. आज सकाळी चहाच्या वेळी तिने "लॅबमध्ये येता का?" एवढंच विचारलं, तर स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याआधी दारात उभा.

काचांमधला पदार्थ सरांनीच पहिल्यांदा अभ्यासला होता. त्याचे रेणू मधोमध वाकलेले, केळ्यासारखे, आणि थरांवर थर रचून बसणारे. प्रत्येक थराचा बाक एकाच बाजूला, की एकाआड एक उलट, हा खरा प्रश्न. सरांनी विजेचा दाब उलटसुलट करून पाहिला, तेव्हा पडद्यावर प्रवाहाचा एकच उंचवटा आला. एक उंचवटा म्हणजे सगळे थर एका बाजूचे; दोन आले असते, तर एकाआड एक उलट. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या शोधनिबंधावर सरांचं नाव उभं होतं.

"सर, तेव्हा दाब किती सावकाश उलटवला होता?"

"सेकंदाला वीस वेळा. त्याखाली आमचं यंत्र जायचंच नाही. खोकायला लागायचं."

तिने वीसवर लावलं. पडद्यावर एकच उंचवटा उमटला, गोल आणि देखणा. सर ओळखीचं माणूस भेटावं तसे हसले.

"आता बघा हं."

तिने बटण हळूहळू मागे फिरवलं. दहा. पाच. उंचवट्याचा माथा सपाट झाला. दोनवर त्याला खळगा पडला आणि एकवर शेजारी शेजारी दोन उंचवटे उभे राहिले. तिने पडद्याकडेच बघत राहायचं ठरवलं.

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मग उठून सूक्ष्मदर्शकाशी बसले.

"दाब दे."

भिंगाखाली पदार्थाचे गोल ठिपके दिसत होते, प्रत्येकावर एक काळी फुली. मधल्या ठिपक्यातली फुली एका अंगाला वळली.

"काढ आता."

फुली आपल्या जागी परत येऊन सरळ उभी राहिली.

"परत आली," सर म्हणाले. "थर एका बाजूचे असते, तर वळलेलीच राहिली असती."

"हो, सर."

"म्हणजे ते एकाआड एक उलट आहेत. माझं चुकलं." त्यांनी भिंगावरून डोळा उचलला. "कधी सापडलं तुला?"

ती वायरीशी चाळा करू लागली. "तीन महिने झाले."

"तीन महिने! रोज माझ्यासमोर बसून जेवतेस, आणि ताकास तूर लागू दिली नाहीस?"

"तुम्हाला लागेल असं वाटलं. तुमच्या मुलाला विचारलं, तोही म्हणाला, थांब जरा."

"लागलंच मला," सर म्हणाले. "उंचवट्याचं नाही गं. इकडे हे असं चाललं होतं, आणि मी घरी बसून शब्दकोडी सोडवत होतो!"

समजुतीची चार वाक्यं ती मनात घोकून आली होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. तिला एकदम हसू फुटलं. सर मात्र हसले नाहीत. त्यांचा डोळा केव्हाच पुन्हा भिंगाला लागला होता.

"दे परत. आता उलटा दे. पुन्हा... अगं, हा शेजारचा पाहिलास का?"

"कुठला?"

"मधल्या ठिपक्यातली फुली उजवीकडे वळते. या कडेच्या ठिपक्यातली डावीकडे. दाब तोच, आणि या दोघींची तोंडं दोन दिशांना."

"नाही हो सर. सगळ्या एकीकडेच वळतात."

"ये, बघ."

ते स्टुलावरून उठले नाहीत, नुसते जरासे सरकले. ती वाकली. असा मधला ठिपका तिच्या चांगल्या ओळखीचा होता. सगळ्यांत मोठा आणि स्वच्छ म्हणून तिने दर वेळी तशाच ठिपक्याचे फोटो घेतले होते. तिने कडेला बघितलं. तिथली लहानशी फुली आरशातल्यासारखी उलटी वळत होती. तिच्या पलीकडे आणखी एक. या रेणूंना स्वतःचा ना डावा हात ना उजवा, तरी थरांनी मात्र आपापला हात निवडलेला होता, कुठे डावा, कुठे उजवा.

तीन महिने अशा उलट्या फुल्या तिच्याच भिंगाखाली, कडेला वळत होत्या.

"पुन्हा," डोळा न काढता ती म्हणाली.

सरांनी हात लांब करून बटण फिरवलं.