उजव्या पायाचा बूट

उस्तादांनी साध्या चपला दाराशी ठेवल्या आणि लेकीचे बूट उचलून हळूच कपाटामागे सारले. केस बांधत कॅप्टन बाहेर आली. तिने चपलांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि सरळ कपाटामागे हात घातला.

"वकीलबाई काय म्हणाल्या, विसरलीस?"

वकीलबाईंनी आदल्या दिवशी चांगलं बजावलं होतं. हॉस्पिटलचं म्हणणं एकच आहे, पोरगी ठणठणीत चालते, मग नुकसान कसलं? तेव्हा उद्या ते जादूचे बूट नकोत. साध्या चपला घालायच्या आणि पाय जसा पडतो तसा पडू द्यायचा.

"विसरले नाही," कॅप्टन म्हणाली. "पण मी माझ्या बाबांनी शिवलेले बूट घालूनच आत जाणार."

उस्तादांनी हट्टीपणावरून चार शब्द सुनावले खरे, पण छाती वीतभर फुगली होती. खोटं कशाला बोला, त्यांना हेच ऐकायचं होतं.

जोडे शिवण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. लेक शाळेत कवायत शिकवायची. पोरं तिला कॅप्टन म्हणत, तेच नाव घरी चिकटलं. एके सकाळी तिच्या स्कूटरला मागून ट्रकने उडवलं आणि मांडीचं हाड मोडलं. ते एक वेळ नशिबावर टाकता आलं असतं. पण हॉस्पिटलात हाड नीट जुळवलंच नाही. पाय वेडावाकडा वाटतोय म्हणून ती कानीकपाळी ओरडत होती, आणि मोठे डॉक्टर दारातूनच 'होईल, होईल' म्हणून पुढे जात होते. एकावर एक चढलेलं हाड तसंच सांधलं. उजवा पाय दोन बोटं आखूड झाला. आमची चूक झाली, एवढं कोणीतरी लिहून द्यावं, असं कॅप्टनला वाटत होतं. हॉस्पिटलवाल्यांनी मात्र कानांवर हात ठेवले. म्हणून ही तक्रार.

जाड तळाचा बूट कोणीही केला असता. उस्तादांनी ती उंची आत लपवली. बुचाचा थर, वर मऊ अस्तर, आणि बाहेरून डावा-उजवा अगदी जुळे भाऊ. तो जोड घालून लेक पहिल्यांदा गल्लीतून गेली तेव्हा समोरचा घड्याळवाला म्हणाला, पोरीचा पाय बरा झाला वाटतं! उस्तादांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, नुसते मिशीत हसले. बूट कसा बसलाय म्हणून विचारलं की लेक म्हणायची, फिट्ट. घरात ती अनवाणी चालू लागली की उस्तादांना नेमकं कातडं कापायच्या रापीला धार लावायचं काम निघायचं. तिचं ते चालणं त्यांना बघवत नव्हतं, बस्स.

सुनावणीची खोली छोटी होती आणि पंखा कुरकुरत होता. कॅप्टन टाचा वाजवत आत आली तशी वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. हॉस्पिटलच्या वकिलांना तर आयतंच कोलीत मिळालं. एक्स-रेत काय दिसायचं ते दिसो, न्यायाधीशांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं म्हणून त्यांनी तिला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. ती चालली. काय चालली! उस्तादांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि त्याच हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्यांचंच कसब त्यांच्या पोरीच्या मुळावर आलं होतं.

"साहेब, हे अर्धंच झालं," कॅप्टन न्यायाधीशांना म्हणाली. "आता बूट काढून चालते. दोन्ही बघा."

ती बाकावर बसली. वाकून लेस सोडणं तिला जड जातं हे उस्तादांना ठाऊक होतं. कोणाला न विचारता ते पुढे झाले, खाली बसले आणि त्यांनी उजवा बूट काढला, मग मोजा.

करंगळीचं नख काळं पडलं होतं. अंगठ्याच्या कडेला घट्टा होता आणि टाचेवर पट्टीवर पट्टी चिकटवलेली होती. जोडे करणाऱ्या माणसाला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. आत लपवलेल्या उंचीने पायाची जागा खाल्ली होती. फिट्ट म्हणे!

"कधीपासून?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "पण तुम्ही किती खूश होता, बाबा."

मग ती उठली आणि चालली. दर पावलाला अंग उजवीकडे कलत होतं, पण मान ताठ होती आणि नजर समोर, कवायतीत असते तशी. उस्ताद जमिनीवरच बसून बघत राहिले. इथे धार लावायला रापी नव्हती. पोरीला कसलीच लाज वाटत नव्हती, लाज वाटत होती ती त्यांना एकट्याला, आणि इतके दिवस तिने ती आपल्या पायावर वाहिली होती. त्यांना भडभडून आलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. असं चालायला वाघाचं काळीज लागतं.

न्यायाधीशांनी बूट मागून घेतला आणि आत हात घालून तो थर चाचपला.

"यात दिवसभर उभ्या राहता?"

"कवायत घेते, साहेब."

न्यायाधीशांनी लेखनिकाला ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितलं. हॉस्पिटलचे वकील कागद चाळू लागले. निकालाला पुढची तारीख पडली.

बाहेर पायरीवर उस्तादांनी बुटात बोटं घालून अस्तर उचकटलं आणि बुचाचा थर ओढून काढला. लेक बघतच राहिली. आता पाय मोकळा बसणार होता आणि चाल लपणार नव्हती.

"गल्लीतून असंच जायचं?" तिने विचारलं.

"असंच जायचं."

घड्याळवाल्याने लांबूनच पाहिलं आणि दुकानातून डोकं बाहेर काढलं. अरेरे, पोरीचा पाय पुन्हा बिघडला की काय, असं त्याने कळवळून विचारलं. उस्ताद थांबले. चार दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बिघडलेलाच होता. हॉस्पिटलात हाड चुकीचं जोडलंय. उद्या बाहेरून जाड तळ लावतोय, लाल कातड्याचा. लांबूनसुद्धा दिसेल."

आणि ते लेकीच्या उजव्या बाजूला येऊन तिच्या पावलाने चालू लागले.