मागून नेलेली मोटर

होडीच्या मागच्या फळीला लटकणारी, दोरी ओढली की आधी खाकरणारी आणि मग निळा धूर सोडत चालू लागणारी जुनी मोटर तुम्ही कधी पाहिली असेल, तर मित्रांनो, ती मीच. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करतात, असं मी ऐकलं आहे. मी कोणालाही माफ केलेलं नाही. ते आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. अंग अॅल्युमिनियमचं, पोटात एकच सिलिंडर, डोक्यावर लहानशी टाकी. तिथून मी नाशिकच्या पश्चिमेला आले. डोंगरांच्या मध्ये बांधलेल्या धरणाच्या काठावर काळू नावाचा मच्छीमार राहत होता. त्याने मला खांद्यावरून पाण्यापर्यंत नेलं आणि आपल्या होडीला बसवलं. काळू गेल्यावर त्याची बायको कुसाबाई हिने माझी दोरी हातात घेतली.

आमचं काम धरणाच्या पाण्यावरून माणसं पार उतरवण्याचं. पलीकडच्या पाड्यांवरची शाळकरी मुलं, बाजाराच्या टोपल्या, दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला निघालेल्या टोळ्या, सगळे आमच्याच होडीतून अलीकडे येत. या कामाला गावात ‘घाट’ म्हणत. घाटाचं पेट्रोल ग्रामपंचायत देई आणि मजुरीही तीच देई. त्या मजुरीवर कुसाबाईचं घर चालत होतं. “वारा सुटू दे, पाऊस लागू दे, कुसाबाईची मोटर बंद पडायची नाय,” असं लोक म्हणत. मला ते आवडायचं.

कुसाबाईचा धाकटा दीर पुंजा माझ्यावरच मोटर चालवायला शिकला. काठावर शहरातल्या पाहुण्यांसाठी एक रिसॉर्ट झालं, तसा पुंजा तिथे पाहुण्यांना फिरवू लागला. एके दिवशी त्याने नवी मोटर आणली. फोर-स्ट्रोक. काळी, चकचकीत, आवाज इतका हळू की चालू आहे की नाही ते हात लावून पाहावं. तिची पूजा झाली. नारळ फुटला. मग पुंजाने लिंबू-मिरची आणि बिब्बा उचलला आणि तो नव्या मोटरीला न बांधता माझ्या गळ्यात बांधला.

“दृष्ट लागायची तर हिला लागू दे,” तो म्हणाला. “भंगारच हाय, बिघडायचं काय राहिलंय?”

सगळे हसले. कुसाबाई हसली नाही. मीही ते विसरले नाही.

एवढ्यावर थांबला असता तर तो पुंजा कसला? त्याला घाटही हवा होता. तो सरपंच लंकाबाईकडे गेला. “गावाचं पेट्रोल फुकट जातंय,” त्याने सांगितलं. “वयनीची ती म्हातारी मोटर माणसं उतरवती का नुसती पिती, तेच कळंना. दोन्ही मोटरींत सारखं पेट्रोल घाला. ज्याची लांब जाईल, त्याला घाट.”

लंकाबाई सरळ बाई. तिने नातं पाहिलं नाही आणि वयही पाहिलं नाही. “गावाचं पेट्रोल हाय,” ती म्हणाली. “ज्याच्याकडं कमी पिणारी मोटर, त्याचा घाट. मग तो कोनीबी असो.”

कुसाबाईची मुलगी योगिनी नाशिकला विज्ञान शिकते. ती त्या रविवारी घरी आली होती. आईने तिला विचारलं, “आपली जिंकंल ना गं?”

“नाही जिंकणार, आई.”

“का? तिच्यात काय सोनं लावलंय?”

“सोनं नाही. रचना वेगळी आहे,” योगिनी म्हणाली. “आपल्या मोटरीत जळलेला धूर बाहेर ढकलायला नवं पेट्रोलच आत शिरतं. धूर जाताना त्यातलं थोडं पेट्रोल न जळताच बरोबर निघून जातं. हळू चालवली तर आणखी जास्त जातं. नव्या मोटरीत धूर आधी बाहेर जातो, मग दार बंद होतं, मग पेट्रोल आत येतं. सांडायला जागाच नाही.”

“आन् जोरात चालवली तर?”

“तर फरक कमी होतो. पण संपत नाही.”

तिचं बोलणं खरं होतं. त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या तोंडातून घास सांडतो, हे माझ्यासमोर कशाला सांगायचं?

चाचणीच्या दिवशी काठावर सगळं गाव जमलं. लंकाबाईने एकाच मापाने दोन्ही टाक्या भरल्या. माझ्या पेट्रोलात नेहमीप्रमाणे ऑईल मिसळलं होतं. माझ्या टू-स्ट्रोक जातीला ते लागतंच, कारण आमच्या पोटात ऑईलची वेगळी जागा नसते. पलीकडे जायचं, वळायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. मी जीव तोडून धावले. वजनाने मी हलकी असल्याने सुरुवातीला पुढेही होते. मग पाण्याच्या मधोमध माझी टाकी कोरडी झाली आणि मी गप्प झाले.

कुसाबाईने वल्ही काढली. तेवढ्यात पुंजाची होडी शेजारून गेली. त्याने मुद्दाम आमच्याभोवती एक गोल फेरा मारला.

“काय वयनी, दोरी टाकू का?”

“तुझी दोरी तुझ्याच गळ्याला ठेव.”

“अगं, गंमत केली.”

“मी नाय केली.”

घाट पुंजाला गेला. कुसाबाई वल्ही मारत जाळी टाकू लागली. मासळी कधी मिळे, कधी नाही. योगिनीचं शिक्षण पुढे चालेल की थांबेल, याची बोलणी घरात होऊ लागली. मी छपराखाली वाशाला टांगलेली होते. कोंबड्या माझ्यावर बसत. मी त्या नव्या सवतीचा आवाज रोज सकाळी ऐकत होते आणि तिचं काय काय मोडावं, याची कल्पना करत होते. पंखा. पिन. पिस्टन. सगळं.

एक दिवस पुंजाच दारात आला. रिसॉर्टच्या मालकाने सांगितलं होतं, की पाहुणे पाण्यावर नेताना जादा मोटर जवळ हवी.

“वयनी, तुझी जुनी मोटर दे ना थोडे दिवस. नुसती ठेवायला.”

मला वाटलं, ती त्याला उभाही करणार नाही. पण कुसाबाईने क्षणभर विचार केला आणि मला वाशावरून खाली काढलं. शेजारच्या लताबाई अंगणात होत्या. त्यांच्या समोरच ती म्हणाली, “मागून नेतोयस, हे ध्यानात ठेव. हिच्या पेट्रोलात ऑईल घालावं लागतं. इसरला तर नाय ना?”

“मला शिकवती का? मी हिच्यावरच लहानाचा मोठा झालो.”

“तेच म्हनलं.”

आमच्या भागात एक रीत आहे. मागून नेलेली वस्तू मोडली, तर तशीच किंवा त्याहून बरी परत द्यायची. मोडकी वस्तू ज्याने मोडली, त्याची. पाटा असो, कासरा असो, बैल असो. यावर पंचायत बसत नाही, वाद होत नाही.

एका दुपारी पुंजा पलीकडून निघाला. होडीत रिसॉर्टचे पाहुणे होते आणि पाड्यावरची बैठक आटोपून निघालेली लंकाबाई होती. वारा सुटला होता. मध्यावर कुणाचं तरी तुटलेलं जाळं नव्या मोटरीच्या पंख्यात गुंडाळलं गेलं आणि ती अडकून बंद पडली. वारा होडीला बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे ढकलू लागला. पुंजाने घाईने सवतीला वर उचललं, मला पाण्यात सोडलं आणि जवळचा डबा माझ्या टाकीत ओतला.

डबा नव्या मोटरीचा होता. साधं पेट्रोल. ऑईलचा थेंबही नाही. वर्षभरात त्याच्या हाताची सवय बदलली होती.

मित्रांनो, पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. थंड असताना मी नेहमी कुरकुर करते, पाच-सात वेळा दोरी ओढल्याशिवाय दाद देत नाही. तशी अडून बसले असते, तर कदाचित त्याला आठवलं असतं. मी अडले नाही. पहिल्याच ओढीला चालू झाले.

“बघा, जुनं ते सोनं!” पुंजा पाहुण्यांना म्हणाला.

त्याने मला पूर्ण जोर दिला. आत धातूवर धातू घासू लागला. मी तापले, करकरले, आणि पिस्टन सिलिंडरला कायमचा चिकटला. मला दुखलं. पण त्या क्षणी पुंजाचं तोंड पाहायला मिळालं, आणि ते पाहण्यासाठी मी पुन्हा एकदा जाम व्हायला तयार आहे.

“अहो, आपण त्या खुंटांवर चाललोय!” एक पाहुणा ओरडला.

कुसाबाई जवळच जाळी काढत होती. ती वल्ही मारत आली, दोरी फेकली, होडी खुंटांपासून ओढून शांत पाण्यात नेली. मग पुंजाच्या होडीत चढून तिने माझी दोरी ओढली. दोरी हलली नाही. तिने डबा उचलून नाकाला लावला.

“ऑईल कुठाय, पुंजा?”

पुंजाने डबा तिच्या हातून घेतला, हुंगला आणि खाली ठेवला.

“लंकाबाई,” कुसाबाई म्हणाली, “मागून नेलेली हाय. लताबाईंसमोर दिलीया.”

“मग बोलायचं काय राहिलं?” लंकाबाई म्हणाली. “तशीच परत दे, नाय तर हिच्याहून बरी.”

“तशीच आनून देतो,” पुंजा घाईने म्हणाला. “जुनी कुठंबी मिळंल.”

“आन की. मिळंपर्यंत ही काळी मोटर वयनीच्या फळीला लाव. आन् कमी पिणारी मोटर जिच्याकडं, घाट तिचा. तूच बोलला होतास.”

मला वाटलं, आता कुसाबाई माझ्याकडे पाहील. माझ्यासाठी डोळे पुसेल. तिने पंख्यातलं जाळं विळ्याने कापलं, सवतीला उचलून आपल्या होडीला बसवलं आणि पहिल्या ओढीला चालू केलं.

“वयनी, आन् हिला?” पुंजाने माझ्याकडे बोट दाखवलं.

“मोडली त्याची. रागानं घाट चालत नाय, बाबा. पेट्रोल कमी लागतं, ते बरं.”

मला दिलं तेव्हाच, पुंजा ऑईल विसरणार, हे तिला ठाऊक होतं का? मी अजून विचार करते आणि अजून रागावते. तरी घाट तिच्याकडे आहे आणि योगिनी नाशिकला शिकते आहे, म्हणून तिच्यावरचा राग थोडा कमी ठेवते.

पुंजावरचा मात्र जराही कमी नाही. माझ्यासारखी मोटर आता कुठेच बनत नाही. मोबाईलमध्ये माझा फोटो घेऊन तो मनमाडच्या भंगार बाजारात जातो, मालेगावला जातो, दुकानदारांना विनवतो, “अशीच पायजे, हुबेहूब अशीच.” मला भंगार म्हणणारा माणूस भंगारात मला शोधत फिरतो आहे. रिकाम्या हाताने परत येतो, तेव्हा त्याच्या अंगणात मी असतेच.

मित्रांनो, प्रत्येक यंत्राला जे लागतं ते द्या. नवीला तिचं, जुनीला तिचं. पंख्यातलं जाळं काढा, टाकी भरण्याआधी डबा हुंगा, घाई असली तरी. कमी पिणाऱ्या मोटरी आल्या ते चांगलंच झालं, पाण्यालाही आणि माणसांनाही. पण ज्या यंत्राने तुम्हाला पाण्यावर चालायला शिकवलं, त्याला चारचौघांत हसू नका. आम्ही बोलत नाही, म्हणजे ऐकत नाही असं नव्हे. आणि आमच्यातली एखादी पहिल्याच ओढीला चालू झाली, तर फार खूश होऊ नका.