गुरुवारची अंडी

शेवटचा बोल्ट सुटला आणि स्टार्टर नेव्हिलच्या छातीवर आला. त्यानं तो दोन्ही हातांनी झेलला आणि पोटावर धरून तसाच उताणा पडून राहिला. गाडीखालून त्याला एका कोंबडीचे पिवळे पाय दिसत होते. मग तिनं मान वाकडी करून आत पाहिलं.

"बघतेस काय?" नेव्हिल म्हणाला. "तुला चालवायचीय?"

कोंबडी ओरडत पळाली. तिचं ऐकून वर सीटवर बसलेल्या आणखी दोघी खिडकीतून फडफडत बाहेर पडल्या आणि कुंपणापलीकडे जाऊन नेव्हिलच्या नावानं शंख करू लागल्या.

लॉइडची यूट, मागं उघडा हौदा असलेली गाडी, सहा वर्षं तिथंच उभी होती, घरामागच्या मोकळ्या रानात, कुंपणाला लागून. लॉइड गेला त्या आठवड्यात त्यानंच ती तिथं लावली होती. आता मागच्या हौद्यात गवत माजलं होतं, काचेवर लाल धूळ बसली होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर मर्लच्या कोंबड्या अंडी घालत होत्या. मर्ल, म्हणजे लॉइडची बायको, रोज दुपारी उशिरा खिडकीतून हात घालून अंडी काढायची. बॉनेट उघडायचं तिला काही कारण नव्हतं. म्हणून तर नेव्हिल सीटच्या बाजूला कधी हात लावत नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला गाडी होती तशीच दिसायची.

गुरुवारी मर्ल गावातल्या क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवत बोल्स खेळायला जायची. दहाला निघायची, तीनला परत. नेव्हिल साडेदहाला यायचा.

त्याची स्वतःची यूटही त्याच बनावटीची, त्याच सालची, फोर-व्हील ड्राइव्ह. त्याच्या बापाची. आठ वर्षं तो ती शेडमध्ये नव्यानं उभी करत होता. तीन मेलेल्या गाड्या त्यानं तिच्यासाठी फोडल्या होत्या. एकीचे दरवाजे, दुसरीची चौकट, तिसरीचं इंजिन. ऑक्टोबरच्या शोला, गावच्या शेतीच्या जत्रेला, मिरवणुकीत सगळ्यात पुढं ही गाडी असणार, असं त्यानं अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. पबमध्ये गेलं की कोणी ना कोणी विचारायचंच, "काय नेव्ह, गाडी शोला निघणार की तुझ्या प्रेतयात्रेला?" नेव्हिल हसायचा, पण ते त्याला लागायचं.

लॉइडची गाडी ही चौथी. इकडं रानात पडलेल्या गाडीचा एखादा भाग मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. पण मागावा लागतो. फाटकापाशी थांबायचं, हाक मारायची, काय हवंय ते सांगायचं आणि पुढच्या फेरीला बिअरचं खोकं नाहीतर तारेचं भेंडोळं घेऊन यायचं. नेव्हिलनं तीनदा मागितलं होतं. आधी आरसा, मग मागचा दिवा, मग एक दरवाजा. तिन्ही वेळा मर्ल हात पुसत बाहेर आली, "ने की रे, लॉइडला बरंच वाटेल" म्हणाली. तिसऱ्या वेळी दरवाजा निघाला तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले आणि ती आत गेली.

चौथ्यांदा नेव्हिलनं विचारलं नाही. बिचारीला कशाला पुन्हा पुन्हा रडवायचं, असं त्यानं मनाला सांगितलं. मनानं ते लगेच ऐकलं. त्या हिवाळ्यात कार्बोरेटर गेला, पाण्याचा पंप गेला, रेडिएटर गेला, अख्खा गिअरबॉक्स गेला. आणि आज स्टार्टर.

रविवारी दुपारचं जेवण मर्लकडे. लॉइड असल्यापासूनची ती रीत. लॉइड आणि नेव्हिलची मैत्री चाळीस वर्षांची, दोघांनी एकमेकांची कुंपणं बांधलेली. नेव्हिलनं लग्न केलं नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्याच्या पोटात धड अन्न जावं, हे लॉइडचं म्हणणं मर्लनं पुढंही चालू ठेवलं होतं. मटण, भाजलेले बटाटे, भोपळा, पुदिन्याची चटणी.

"माझ्या कोंबड्यांना काय झालंय, कळत नाही," मर्ल वाढता वाढता म्हणाली. "आठवडाभर सगळं नीट. गुरुवारी एक अंडं मिळेल तर शपथ. बहुतेक युनियन काढलीय त्यांनी."

"कोल्हा फिरत असेल," नेव्हिल म्हणाला.

"दिवसाढवळ्या?"

"हल्ली कोल्हे धीट झालेत."

"असं?" मर्लनं त्याच्या ताटात आणखी एक बटाटा ठेवला. "बरं, ऐक. जॅनिनचा फोन आला होता. चार आठवड्यांनी येतेय ती ॲडलेडहून. बापाची गाडी न्यायची म्हणते. चालवत."

नेव्हिलनं काट्यावरचा बटाटा परत ताटात ठेवला.

"सुरू होईल का, विचारत होती. मी म्हटलं, नेव्हकाका आहेत ना, ते बघतील. तुझ्याएवढं त्या गाडीतलं कुणाला कळतं?"

नेव्हिल पाणी प्याला. सगळा ग्लास प्याला.

"बघतो," तो म्हणाला.

घरी जाताना त्याच्या डोक्यात आधी आलं ते चोरांचं. रानातल्या गाड्या फोडणाऱ्या टोळ्या फिरतात, सगळ्यांना ठाऊक आहे. बॉनेट उघडायचं, शिवी हासडायची, "मर्ल, लेकाच्यांनी धुऊन नेलं गं सगळं!" म्हणायचं. तिनं विश्वास ठेवला असता. शेडमध्ये त्यानं ते एकदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. ते इतकं चांगलं जमलं की त्याला स्वतःची किळस आली. तो तिथंच डब्यावर बसला. समोर त्याची गाडी, लालभडक रंगवलेली, एकही ओरखडा नसलेली. फक्त स्टार्टर बसवायचा बाकी होता.

त्यानं पाना उचलला आणि गिअरबॉक्सचा पहिला बोल्ट सोडला.

आता तो मर्लकडे उघडपणे जाऊ शकत होता. तिनंच सांगितलं होतं ना! पण गिअरबॉक्स आत जाताना दिसला असता, म्हणून मोठी कामं पुन्हा गुरुवारीच. फळ्या टाकून, जॅक ढकलत, चौसष्ट वर्षांच्या कमरेला शिव्या देत त्यानं ते धूड पुन्हा जागेवर चढवलं. काढायला एक गुरुवार लागला होता, बसवायला दोन लागले. लॉइडचा कार्बोरेटर त्यानं स्वतःच्या गाडीसाठी घासून घासून आरशासारखा केला होता. आता तो हातात घेऊन नेव्हिल बराच वेळ बसला. मग जुनं तेल आणि रानातली माती कालवून त्यानं ती चमक बोटांनी बुजवून टाकली. असलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

लॉइडचा रेडिएटर परत देता येणार नव्हता. त्याची टाकी कापून नेव्हिलनं आपल्या रेडिएटरला जोडली होती. म्हणून त्यानं आपलाच सगळा रेडिएटर दिला. मग ब्रेकचे पाइप पाहिले, तर ते चिरलेले. पोरगी चारशे किलोमीटर जाणार. त्यानं आपले नवे पाइप काढून तिकडं घातले. बॅटरी, पट्टे, वायर, विचारून नेलेले आरसा, दिवा आणि दरवाजासुद्धा. एकदा द्यायला लागल्यावर थांबायचं कुठं, हे त्याला कळेना.

दुसऱ्या रविवारी त्यानं काटा-सुरी खाली ठेवली.

"मर्ल, त्या गाडीचं..."

मर्लनंही आपला काटा खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्याच्याकडे पाहत राहिली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. बाहेर निलगिरीवर गुलाबी काकाकुव्यांचा कालवा चालला होता.

"टायर गेलेत तिचे," तो म्हणाला. "माझी चाकं लावतो."

"एवढंच?"

"एवढंच."

मर्लनं काटा उचलला.

"ग्रेव्ही घे," ती म्हणाली. "कोल्हा येतोय हं अजून. या गुरुवारीपण अंडी नाहीत."

जॅनिन शनिवारी सकाळी बसनं आली. चाळिशीची, बापासारखीच रुंद हनुवटी. आल्या आल्या तिनं नेव्हिलला मिठी मारली.

"नेव्हकाका, खरं सांगा. होईल सुरू?"

"बघ की लावून."

मर्लनं सीटवरचं गवत काढलं, एक अंडं सापडलं ते हातात घेतलं. जॅनिन आत बसली. दोनदा घरघर झाली, काळा धूर निघाला आणि तिसऱ्यांदा इंजिन लागलं. सगळ्या कोंबड्या एकदम उधळल्या. जॅनिननं गाडी तशीच सुरू ठेवली, खाली उतरली, बॉनेट उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आई, हे बघ! सहा वर्षं उभी आहे आणि काही, काही बिघडलेलं नाही! बाबानं किती जपलं होतं गं हिला." ती रडू लागली. "आणि मी म्हणायचे, बाबाला कशाची कदर नाही म्हणून."

नेव्हिल जमिनीकडे बघत उभा राहिला. या क्षणी पायाखालची माती दुभंगली असती तर तो आनंदानं आत गेला असता.

"हो गं," मर्ल म्हणाली. "होताच तो तसा."

लॉइडनं उभ्या जन्मात त्या गाडीचं बॉनेट पुसलं नव्हतं. हे मर्लला ठाऊक होतं, नेव्हिललाही.

जेवण झाल्यावर जॅनिन निघाली. फाटकापाशी तिनं भोंगा वाजवला, खिडकीतून हात हलवला, आणि लाल धुळीचा लोट रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन खाली बसला. मर्ल आणि नेव्हिल कुंपणापाशी उभे होते. गाडीच्या जागी पिवळ्या, मेलेल्या गवताचा एक लांबट चौकोन उरला होता. कोंबड्या एकेक करत परत आल्या, चौकोनाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि इकडंतिकडं बघू लागल्या.

"आता या बायांनी बसायचं कुठं?" मर्ल म्हणाली.

"खुराडं करून देतो. फळ्या आहेत माझ्याकडे."

"खुराडं कशाला? तुझी गाडी आण की. रिकामीच असेल ना आता."

नेव्हिलनं तारेवर हात ठेवला. शो तीन आठवड्यांवर होता. शेडमध्ये चार ओंडक्यांवर लाल पत्रा उभा होता, आत वारा खेळत होता.

"ट्रेलरवर घालून आणावी लागेल," शेवटी तो म्हणाला.

"आण."

"कधी आणू?"

मर्लनं सकाळचं अंडं एप्रनच्या खिशातून काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"कधीही आण," ती म्हणाली. "गुरुवारी नको. मी घरी असते तेव्हा आण. आणि फाटकापाशी थांबून हाक मार."